दोन डब्या
शुक्रवारी सकाळी अकराला रिपोर्ट आला. अनुजाच्या चार महिन्यांच्या बाळाच्या शीमध्ये परजीवी जंतू सापडले. "अंगावरच्या दुधाशिवाय काही पाजलंत?" डॉक्टरांनी विचारलं. अनुजा नाही म्हणाली. सासूनं दत्ताची शपथ घेतली, "पाण्याचा थेंबबी न्हाय." घरी मात्र सासू पळीनं बाळाला काहीतरी पाजताना दिसली. "आत्याबाई, हे काय?" "तीर्थ हाय. त्याला पाणी म्हणतीस व्हय? तुझ्या नवऱ्यालाबी पाजलंय, मेला न्हाय की." सोमवारी अनुजाला कागलच्या कारखान्यात पुन्हा रुजू व्हायचं होतं. बाळ सासूजवळ कसं सोडायचं? तिनं डॉक्टरांना फोन लावला. "तीर्थातून असेल, नाहीतर पाजणारीच्या हातांतून. तुमची आणि सासूबाईंची, दोघींचीही शी तपासू." संध्याकाळी नवऱ्यानं नमुन्यासाठी दोन डब्या आणल्या. शनिवारी सकाळी सासूनं डबी भरून दाराशी ठेवली. "तुझी कुठाय गं?" "आज झाली नाही." रविवारी सकाळी अनुजा संडासला जाऊन आली, तरी तिची डबी रिकामीच होती.