एका पेवाची पंगत

जमिनीतल्या पेवाच्या तोंडावरची फरशी बाजूला सरली आणि आतून उबट वाफ वर आली. भिवराबाईनं पदर नाकाला लावला. वाफ निवल्याशिवाय पेवात उतरायचं नसतं, म्हणून ती काठाशीच बसून राहिली. समोर अर्जुनराव पाटील उभे होते. मागं त्यांचे गडी, बैलगाडी, आणि गाडीत रिकामी पोती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. कड्याच्या अलीकडच्या त्या वाडीत मांगवाड्यातल्या ज्या घरांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं होतं, त्यांनी पाऊस पहिल्यांदा फिरला तेव्हाच आपापली ज्वारी आणून प्रार्थनेच्या छपरामागच्या या एका पेवात ओतली होती. कुणी पाटी भरून, कुणी ओंजळभर. एकदा ओतल्यावर कुणाची किती, हे विचारायचं नाही असं ठरलं होतं. आता गावातल्याही चुली विझल्या, तेव्हा मंडळी पुन्हा बसली आणि पेव साऱ्या गावाला उघडं करायचं ठरलं.

"पोती भर," पाटील म्हणाले. "गावाला द्यायचं म्हनतीस न्हवं? चांगलं हाय. दाना चावडीवर यीऊ दे. मी वाटतो."

"तुमी का म्हून?"

"मंग? गाव तुज्या हातचं खाईल व्हय?"

भिवराबाईनं मंडळीच्या पाळकाकडं पाहिलं. आश्रुबा पाळक पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभे होते.

"भिवराबाई," ते हळूच म्हणाले, "भुकेल्याच्या पोटात पडल्याशी मतलब. हात कुनाचा का आसंना. आपल्याला मोठेपना नगं."

"मोठेपना नगंच, पाळकबुवा. पर चावडीवर गेलं की ते पाटलाचं व्हतंय. मळ्यावर फुकट राबंल त्याला मिळंल, मान वर करंल त्याला न्हाई. प्रभूनं रानात लोकांला जेवू घातलं, तवा आदी समद्यांला गवतावर बशिवलं. कुनाच्या चावडीवर भाकरी धाडली न्हाई."

पाळकांनी बोटाला गुंडाळलेलं टोक सोडलं. पाटलांच्या मळ्यावर दिवसाला मूठभर कण्यांवर माणसं राबत होती, हे त्यांनाही दिसत होतं.

"लई शिकलीस," पाटील म्हणाले. "आष्टीला तहसीलदारसायबाकडं मानूस धाडला तर पेवाला कुलूप लागंल. राज्य निजामसरकारचं हाय, तुज्या प्रभूचं न्हाई."

"धाडा मानूस. त्यो यीऊस्तवर शिजून व्हतंय."

एवढं बोलून ती पाटी घेऊन पेवात उतरली. आत पाय टेकताच तिचं ध्यान वर गेलं. वर पाटील होते, त्यांचे गडी होते, आणि तोंडाशी फरशी होती. नुसती ढकलली असती तरी काम झालं असतं. अंधारात ती दोन्ही हातांनी ज्वारी ओढत राहिली. पाटी वर देताना तिनं मान उचलली, तर फरशीवर आश्रुबा पाळक मांडी घालून बसले होते. पाटलांचे गडी त्यांच्याकडं बघत होते आणि पाळक कुणाकडंच बघत नव्हते.

दोन प्रहरी रस्त्याकडेला हंडे चढले. कण्या शिजल्याचा वास साऱ्या वाडीभर गेला. मंडळी धुळीतच ओळीनं बसली. प्रत्येकानं आपल्या शेजारी एकेक पत्रावळ रिकामी मांडली होती.

गाव लिंबाच्या झाडाखाली जमलं. कुणब्यांची बायकापोरं होती, म्हातारे होते. वाऱ्यासरशी वास आला की पोरं पुढं सरकायची आणि आया त्यांना दंडाला धरून मागं ओढायच्या. कुणी येईना. पाटील गाडीच्या जुवावर टेकून उभे होते. त्यांना घाई नव्हती.

मंडळीतलं कुणी जेवेना. कण्यांवर साय धरायला लागली. भिवराबाईच्या मनात आलं, पाळकांचंच खरं असेल का? दिली असती पोती, तर निदान त्या पोरांच्या पोटात काही पडलं असतं. तरी ती पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मग झाडाखालून सुभद्राबाई निघाली. पाटलांच्या भावकीतली, त्यांची विधवा चुलती. काठी टेकत टेकत ती रस्ता ओलांडून आली.

"काकू!" पाटील ओरडले. "कुठं निगालीस? बाटशील!"

म्हातारीनं वळूनही पाहिलं नाही. "बाटायला पोटात कायतरी लागतंय, अर्जुना," ती म्हणाली, आणि एका रिकाम्या पत्रावळीसमोर बसली.

झाडाखाली आयांचे हात ढिले पडले. दंडाला धरलेली पोरं सुटली.

भिवराबाई भगुण्यात कण्या घेऊन म्हातारीपुढं आली. सकाळपासून ती पाटलापुढं नमली नव्हती, अंधाऱ्या पेवात उतरली होती. पण सुभद्राबाईला वाढताना तिचे पाय आपोआप हातभर मागं थांबले, अंग चोरलं गेलं, आणि पळी उंच धरून ती वरूनच कण्या टाकायला लागली. निम्म्या धुळीत सांडल्या.

सुभद्राबाईनं तिचं मनगट धरलं.

"वरून नगं, भिवरे," ती म्हणाली. "खाली बस."