पाचगणीला बारा एंजल

पाचगणीच्या शाळेला पाठवलेले बारा मासे मेले. पण कुरिअर कंपनीच्या नोंदीत 'माल सुस्थितीत पोच' असा शेरा आहे आणि खाली सहीही आहे. त्यामुळे तूर्त तसं काही घडलेलंच नाही, असं धरून चालू.

मंगळवारी सकाळी वीरधवल तासगावातल्या बेदाण्याच्या शेडात उकिडवा बसून पिशव्या भरत होता. शेडात आता बेदाणा नव्हता. नऊ काचेच्या टाक्या होत्या आणि त्यांत त्यानं वाढवलेले एंजल मासे. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, मध्ये एक मासा. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायला तो दर खेपेसारखा पहाटेच सांगलीला जाऊन आला होता. तोवर शेड आईच्या हवाली होतं. माशांच्या दाण्याचा डबाही त्यानं दोन दिवसांपूर्वी आईच्याच ताब्यात दिला होता, "कुणाच्या हातात देऊ नगंस" एवढं बजावून.

आई, म्हणजे राहीबाई, पिशवीचं तोंड पिळून धरायच्या आणि तो रबर बांधायचा. बारावी पिशवी थर्माकोलच्या खोक्यात गेल्यावर त्या उठल्या आणि घरात गेल्या.

कुरिअरचा पप्पू दारात मोटरसायकलला टेकून उभा होता.

"दादा, ह्या खेपंला तरी जगत्याल न्हवं? मागच्या तीन टायमाला शिव्या मलाच बसल्यात."

"तुमी खोकं उन्हात टाकू नका, म्हंजे जगत्याल."

"मी कुठं उन्हात टाकतोय? मी गाडीत टाकतो. गाडी कराडात टाकती."

वीरधवलनं खोक्याला चिकटपट्टीचा तिसरा वेढा दिला. 'जिवंत मासे, हळू उचला' असं चारी बाजूंनी लिहिलं. मग खालच्या बाजूलाही लिहिलं, कारण खोकं उलटं ठेवणारेही वाचत असतील.

"माझ्याकडनं काय ऱ्हायलेलं न्हाई गड्या," तो म्हणाला. "दोन दिस उपाशी ठेवल्यात."

"उपाशी? का रं बाबा?"

"खाल्लं की त्याच पिशवीत घाण करणार. पाणी नासतंय आन् मासा त्यातच मरतोय. पोट मोकळं पायजे. पयला नियम हाय ह्यो."

"लय कडक हाय की. आमच्या ऑफिसातबी एवढं न्हाई."

राहीबाई पोह्यांची ताटली घेऊन आल्या आणि त्यांनी ती पप्पूपुढं धरली.

"आवं काकू, सकाळधरनं तिसऱ्या घरचं खातूय."

"खा. लांब जायाचं हाय."

"मी फकस्त चौकापातूर जातोय."

"मग चौकापातूरचं खा."

पप्पूनं खाल्लं. सुटका नव्हती.

तेवढ्यात वीरधवलचे वडील लालासाहेब फिरून आले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्याला सोळा वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या आवाजाला अजून कळली नव्हती.

"चौथी खेप ना? आकरी. ह्येबी मेले तर टाक्या भंगारात आन् शेडात बेदाणा."

वीरधवलनं मान हलवली. वाद घालायला अंगात जोर लागतो, आणि तो सगळा चिकटपट्टीत गेला होता.

गुरुवारी दुपारी पाचगणीहून व्हिडिओ आला. खोकं फोडल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न तोडता, भरपाईच्या नियमाप्रमाणे. बाराही पिशव्यांतलं पाणी ताकासारखं झालेलं. मासे आडवे.

पाठोपाठ शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिका संयोगिता मॅडमचा फोन आला.

"मुलं रांगेत उभी होती हो. नावंसुद्धा ठरवून ठेवली होती. एकाचं नाव मुख्याध्यापक."

"व्हय मॅडम."

"मुख्याध्यापक पहिल्याच पिशवीत निघाले. खरे मुख्याध्यापक शेजारीच उभे होते. त्यांना ते फार लागलं."

चारी वेळा वीरधवलला हेच पाणी दिसलं होतं. चारी वेळा त्यानं रबर बदललं, पिशवी बदलली, थर्माकोल बदललं. बदलायला आता फक्त तोच उरला होता.

"एक करा," मॅडम म्हणाल्या. "चूक कुरिअरची होती, असं कंपनीकडून लेखी आणा. तुमच्या बाजूनं काही राहिलं नव्हतं एवढं सिद्ध झालं, तर वर्षभराची ऑर्डर तुम्हालाच."

लालासाहेबांनी ते ऐकून घेतलं. "लेखी येणार आसंल तर थांबतो. लेखीला आमी मान देतो."

शुक्रवारी वीरधवलनं अर्ज लिहिला. ऑक्सिजन किती भरला, पिशव्या दुहेरी कशा होत्या, मासे पूर्ण अठ्ठेचाळीस तास उपाशी कसे ठेवले होते, सगळं मुद्देसूद. सबब नुकसानीस कंपनी जबाबदार आहे, असं शेवटी लिहून खाली रेघ मारली. धंदा महिला उद्योजक म्हणून राहीबाईंच्या नावावर होता, म्हणून सही त्यांची लागणार होती. अर्ज त्यांच्याकडे देऊन तो टाक्यांच्या मधल्या बाकड्यावर आडवा झाला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा झोपला.

राहीबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. सही करण्याआधी त्यांनी अर्ज चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. मध्येच एका ओळीवर थांबून त्या निजलेल्या लेकाकडे बघत राहिल्या. मग पेन उघडलं, सहीच्या वर जागा होती तिथं बारीक अक्षरात पाच ओळी लिहिल्या, सही केली, पाकीट चिकटवलं आणि दारात आलेल्या पप्पूच्या हातात दिलं. चारच्या सुमाराला कंपनीच्या ऑफिसात त्यावर पोचेचा शिक्का पडला.

'ता. क. मासे उपाशी पाठवले असे वर माझ्या मुलाने लिहिले आहे, ते खरे नाही. आमच्या घरातून परगावी कोणीही उपाशी जात नाही. चारही वेळा निघायच्या दिवशी पहाटे मी स्वतः माझ्या हाताने त्यांना पोटभर दाणे घातले आहेत. पुढे दोन दिवस वाटेत मात्र त्यांना कोणी विचारत नाही. तरी यापुढे आपल्या कराड कार्यालयात माशांच्या एक वेळच्या जेवणाची सोय करण्यात यावी, ही नम्र विनंती.'