पाच मशीनांचं एकमत

गुडघा दाखवायला आलेल्या परबकाकांचं बोलणं पाच शहरांतल्या पाच मशीनांनी ऐकलं आणि एकच निदान दिलं: स्किझोफ्रेनिया. डॉक्टर नेरूरकर खूश झाल्या. पूर्वी दोन डॉक्टरांचं एकमत होताना मारामार असायची.

"आजच भरती करू," त्या काकांच्या मुलीला, हेमांगीला म्हणाल्या. "चूक शक्यच नाही."

"पण बाबा बोलले काय?"

डॉक्टरांनी रेकॉर्डिंग लावलं. काका सांगत होते, "रवळनाथाक इचारल्याशिवाय मी काय्येक करणंय नाय." मशीनने विचारलं, "तो उत्तर देतो?" काका म्हणाले, "देता तर!"

"अहो, देवळातला कौल तो! देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं की होकार. आमचा अख्खा गाव हेच सांगेल."

"एकही मशीन वेगळं बोललेलं नाही, हेमांगी."

"सगळ्यांना एकानेच शिकवलंय, वेगळं बोलतील कशी? तुम्ही बसा मशीनसमोरच्या खुर्चीत. हा दवाखाना उघडताना तुम्हीही आमच्याच देवळात कौल लावलात ना? तेवढंच खरंखरं सांगा."

डॉक्टर हसत खुर्चीत बसल्या आणि खरं तेच बोलल्या.

पाचही मशीनांचं लगेच एकमत झालं.