उजव्या गुडघ्याची कॅप

डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन वर्षच झालेलं. पुन्हा तुटलं तर कुस्ती सुटली, डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून वस्तादांनी नीकॅप माझ्या धडधाकट उजव्या गुडघ्यावर चढवली. "कॅप दिसली की समोरचा तितंच झटतोय. झटू दे," ते म्हणाले. निमगावच्या जत्रेत माझ्यासमोर लासुर्ण्याचा आफताब उभा राहिला. त्याच्याही उजव्या गुडघ्यावर नीकॅप होती. मी मनातच हसलो. सलामी होताच मी त्या गुडघ्यावर तुटून पडलो. तीनदा ओढला, पिळला, तो हलेना. चौथ्यांदा वाकलो तेव्हा त्यानं थेट माझा डावा पाय उचलून मुरगाळला. कट् आवाज मला हलगीतही ऐकू आला. "डावा अधू हाय हे कुणी सांगितलं?" मी मातीत कण्हत विचारलं. "तुझ्या कॅपनंच की, पैलवान." माझा हात खांद्यावर घेऊन तो आखाड्याबाहेर निघाला, डाव्या पायानं लंगडत.