नितळ खाडी

खाडीचं पाणी इतकं नितळ झालं होतं की पुरुषभर खोल तळावरची कालवं होडीतून स्पष्ट दिसत. सुगंधाकाकीला ते पाणी बघवत नसे.

डॉ. मुक्ता पेडणेकरनं बारीक जाळी पाण्यातून ओढली आणि तिच्यात आलेलं भिंगाखाली पाहिलं. "एकही जीव नाही, काकी. माशांच्या पिल्लांनी खायचं काय?"

काही वर्षांपूर्वी या खाडीत विषारी सूक्ष्म शेवाळ माजलं होतं. त्या पाण्यातल्या तिसऱ्यांचे शिंपले खाऊन काकीचा मुलगा गेला. मग मुक्ताच्याच प्रयोगशाळेनं भराभर पाणी गाळणारी नवी कालवं तयार केली. त्यांची पहिली टोपली काकीनं स्वतःच्या हातानं खाडीत ओतली होती. कालवांनी विषारी शेवाळ संपवलं, पण त्यासोबत डोळ्यांना न दिसणारं सगळं जगच गिळून टाकलं. बांगडा आणि तारली यायची थांबली.

"ही काढली तर ता विख परत येतला?" काकीनं विचारलं.

"येऊ शकतं. नाही काढली तर मासा मात्र कधीच येणार नाही."

काकीनं होडीतला कोयता उचलला. मग ती पाण्यात उतरली. मागोमाग मुक्ताही उतरली. ओहोटी संपेपर्यंत दोघी कालवं तोडत राहिल्या. हात रक्ताळले, तेव्हा कुठे एक खडक मोकळा झाला.

परत चढताना काकीनं आधारासाठी होडीच्या कडेखाली हात घातला. तिथे तांदळाएवढी नवी कालवं दाटीनं चिकटली होती.

"मुक्ता, हय पण आसत," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा कोयता उचलला.