रिकामी चौकट

"आजून किती फोटू रायलेत, बाय?" गोजराबाईंनी विचारलं.

"सहाशे," ऋता म्हणाली.

गोजराबाई लॅपटॉपपुढे सरकल्या. बारा दिवस त्या करंजाड्याहून ऋताच्या कोपरखैरण्याच्या घरी येत होत्या. जमिनी गेलेल्या गावकऱ्यांच्या तुर्भ्यातल्या मोर्चात दगड लागून एका हवालदाराचा डोळा गेला होता. गोजराबाईंच्या मुलाने, मिथुनने, गुन्हा कबूल केला होता. घाबरून केला असेल, असं ऋताला वाटत होतं. जामीन दोनदा नाकारला गेला होता.

ऋताचं संशोधनच मोर्चांवर होतं. गर्दीचे फोटो काढायचे, नंतर मोर्चेकऱ्यांना दाखवून त्यांना बोलतं करायचं. फोटोंमुळे कुणालाही त्रास होणार नाही, असं तिने सगळ्यांना लिहून दिलं होतं.

"मिथुन दिसला की सांगा मावशी. हात रिकामे दिसले तरी वकिलांना पुरेल."

गोजराबाई एकेक चेहरा बघत राहिल्या. दुपारी डोळे चुरचुरायला लागले, तेव्हाच उठल्या.

त्या गेल्यावर ऋताने उरलेले फोटो उघडले. तिसऱ्याच फोटोवर तिचा हात थांबला.

दगड नुकताच हातातून सुटलेला. हात बाईचा. चेहरा थेट कॅमेऱ्याकडे. गोजराबाई.

हा फोटो कुणाच्या हाती लागला तर पोराच्या जोडीला आईही आत जाणार. ऋताने तो लॅपटॉपमधून पुसला, कार्डावरून पुसला, ऑनलाइन ठेवलेली प्रतही पुसली.

सकाळी गोजराबाई आल्या.

"सगळे बघून झाले. मिथुन कुठेच नाही," ऋता म्हणाली.

"तो कसा असंल? तो घरी होता."

"मग तुम्ही रोज काय शोधत होता?"

गोजराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"शेजारच्या रंगूबाईच्या डोक्यात लाठी बसली, तवा माजा हात उठला. पोलीस गावात आले, तवा पोरगा आपनच पुढं झाला, मी मारला म्हनून. मी ठान्यात जाऊन सांगितलं, दगड माजा. ते हसले. म्हनाले, पोराला सोडवाया आलीस, म्हातारे. पुरावा आन."

त्यांनी ऋताचा हात धरला.

"नीट बघितलंस ना, बाय? दगड मारताना माजा एक तरी फोटू असंल ना?"