तुळईखालून

"चार स्क्रू," डूगी सुतार शिडीवरून म्हणाला. "एवढ्यावरच होती ही."

तुळई जमिनीवर आली होती. काढायला अकरा मिनिटं लागली, त्यातली सात डूगीच्या चहात गेली.

इशबेल गेडिस रॅकेट घेऊन कोर्टाच्या मधोमध उभी होती आणि छपराकडे बघत होती. ते पडायची वाट बघत होती म्हटलं तरी चालेल.

"मग छप्पर कशावर उभंय?" तिने विचारलं.

"भिंतींवर. छपरं बहुधा भिंतींवरच असतात, बये."

इशबेल चौतीस वर्षांची होती. उद्या रविवारी पर्थला, म्हणजे आमच्या पर्थला, ऑस्ट्रेलियावाल्यांनी नाव उचललंय, राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेचा अंतिम सामना होता. तिचा आठवा. आधीचे सातही ती हरली होती. गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला होता, हा सामना खेळ, पण नवव्याचं नाव काढू नकोस. घरी सात रौप्यपदकं होती. त्यातलं एक तिची आई किटलीखाली ठेवायची.

पोर्टगॅरीच्या चर्चच्या या हॉलमध्ये ती नऊ वर्षांची असल्यापासून खेळत होती. नेटच्या वर जेमतेम दोन हातांवर ती तुळई आडवी होती. गावचा नियम असा की शटल तुळईला लागलं की पॉइंट समोरच्याचा. म्हणून इशबेल उंच मारायला शिकलीच नाही. तिचं शटल नेट आणि तुळई यांच्या फटीतून सूं करत जायचं, पेटीत टपाल टाकावं तसं. तेवढ्यावर तिने अर्धा युरोप हरवला. एक डॅनिश प्रशिक्षक मुद्दाम येऊन गेला. हा सपाट खेळ उत्तर समुद्राच्या वाऱ्यातून जन्मला आहे, असं त्याने ऐंशी पानी अहवालात लिहिलं. गावाने अहवाल वाचून मान डोलावली. वारा आहेच म्हणा.

अडायचं ते अंतिम सामन्यातच. समोरची नेटला चिकटून उभी राहायची. तिच्यामागे सगळं कोर्ट रिकामं. डोक्यावरून एक उंच टोला, की काम झालं. मोठ्या शहरांतल्या हॉलांना छप्पर असतं ते जवळजवळ ढगातच. तिथे सरावात इशबेलला तो टोला जमायचाही. पण एकोणीस-एकोणीस झाले की तिच्या हाताला तुळई दिसायची. सातही वेळा दिसली.

चहाच्या टेबलामागे एफी मावशी बसली होती. हॉल समितीची चिटणीस, वय एक्याऐंशी. हॉल विकला गेला होता आणि घेणाऱ्याची एकच अट होती: तेवढी तुळई काढून द्या.

"नाताळच्या नाटकाचा पडदा टांगायला लावलेली गं ती," मावशी म्हणाली. "एकाहत्तर साली. देवदूत घसरून पडला, मग नाटकच बंद केलं."

"मग तुळई का नाही काढली?"

मावशीने सभांची वही उघडून तिच्यापुढे सरकवली. दर सप्टेंबरच्या सभेत पाचवा विषय, तुळई काढणे. खाली दरवर्षी तोच ठराव: इशबेलचा सराव चालू आहे, तिला अडथळा नको, विषय तहकूब. पंचवीस वर्षं. मावशीचं अक्षर हळूहळू थरथरायला लागलं होतं. मजकूर थरथरला नव्हता.

"मला कुणी बोललं का नाही, मावशी?"

"तू कधी मागितलंस? आम्हाला वाटलं, पोरीला ती लागते."

इशबेलला मागायचं होतं. दर सप्टेंबरला ती सभेच्या दारापर्यंत यायची. पण हॉल फुकट, किल्ली कुंडीखाली, वर मावशीची बिस्किटं. त्यावर आणखी उंचीही मागायची? आमच्या गावात माणूस बुडत असला तरी आधी होडीवाल्याला विचारतो, तू घाईत नाहीस ना?

"मार की आता," डूगी शिडीवरूनच म्हणाला. "बघू दे तरी. देवदूत पडला तेव्हा मी नाटकातल्या उंटाच्या सोंगात मागचा अर्धा होतो. काही दिसलंच नव्हतं."

इशबेलने शटल घेतलं. हात मागे नेला. वर अख्खी रिकामी जागा होती, कोळिष्टकांसकट.

शटल सूं करत सपाट गेलं आणि पलीकडच्या भिंतीवर आपटलं. मग दुसरं. मग तिसरं. सहाच्या सहा शटलं तिथे नसलेल्या तुळईच्या खालून गेली, दोन बोटं अंतर राखून.

चहाचं पाणी उकळत राहिलं.

"बघ डूगी, मी समितीत काय सांगत होते?" मावशी म्हणाली. आवाजात इतकी माया होती की तिच्यावर रागावायची सोय नव्हती. "पोरीला ती लागतेच. घेणारा सोमवारी येणार आहे. तोवर लाव परत. उद्या मॅच आहे तिची."

डूगी हलला नाही. चारही स्क्रू त्याच्या मुठीत होते.

"तू सांग, बये," तो म्हणाला. "लावू, का नको?"

पंचवीस वर्षांत तिला हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. इशबेलने वर पाहिलं. छप्पर बरंच उंच होतं.

"तुम्हाला उगाच त्रास," ती म्हणाली आणि तुळई परत चढेपर्यंत शिडी धरायला पुढे झाली.